गोळ्यांची पिशवी नर्ससमोर रिकामी करू द्या

वर एकांनी विचारलंय, बदल शेवटी डॉक्टरच करणार, मग नर्सने ज्येष्ठांच्या गोळ्या तपासून काय साधतं? बदल डॉक्टरांनीच करायचा, यात वाद नाही. पण डॉक्टरांपर्यंत जे पोचतच नाही, ते नर्सला कळतं.

माझ्या आईला नर्सने यादी मागितलीच नाही. "घरात असेल ते सगळं घेऊन या आणि दिवसभरात काय कधी घेता ते सांगा," एवढंच म्हणाल्या. पिशवीतून गुडघ्यांसाठी परस्पर आणलेली आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी निघाली. सोबत बीपीची रामिप्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी चालूच होती. हे त्रिकूट वयस्कांच्या मूत्रपिंडाला फार जड जातं. आई म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं." मग उठताना येणाऱ्या चकरांचाही विषय निघाला. ती वयाला दोष देत होती. नर्सने आधी झोपवून आणि मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला, म्हणजे चकरांमागे हे कारण असू शकतं. हे सगळं त्यांनी लगेच डॉक्टरांना कळवलं.

मला सर्वात पटलं ते हे, की त्यांनी प्रश्न आईला विचारले, मला नाही. आपण मुलं मध्ये पडून उत्तरं देतो आणि म्हातारी माणसं गप्प बसतात. कृपा करून त्यांना बोलू द्या.

आणि हो, तपासणीत काही निघालं तरी गोळी मनाने बंद करू नका. झोपेच्या किंवा बीटा ब्लॉकर (बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या) गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं.