समेट कसा झाला? घरातला दुरावा आणि प्रार्थना : तुमचे अनुभव लिहा

मराठी बायबलमधला ‘समेट’ हा शब्द मला फार जवळचा वाटतो. मत्तयाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो : वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे उपासना अर्धी टाकून उठायला सांगितलंय. वाटणी, कर्ज, दारू, लग्न यांवरून तुटलेली नाती आपल्या घराघरांत आहेत, पण चर्चमध्ये आपण ‘कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणतो. इथं मोकळं लिहा. फसलेलंही लिहा. नावं नकोत. मी सुरुवात करते.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. काकांनी आजोबांच्या जमिनीवर सोसायटीचं कर्ज काढलं, फेडलं नाही आणि नोटीस आमच्या घरी आली. त्याच वर्षी वडील वारले. आईनं दोन म्हशी विकल्या, लोकांचे कपडे शिवले आणि हप्ते भरले.

रोज रात्री जेवणानंतर आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना असायची. शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे…’ ही ओळ आली की आई गप्प व्हायची. आम्ही दोघं भावंडं ती ओळ म्हणायचो आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा सामील व्हायची. मला वाटायचं, तिला दम लागतो. नववीत गेल्यावर उमगलं. देवासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून ती गप्प राहायची. अशी सहा वर्षं गेली.

नाताळाआधी मंडळीतली तरुण पोरं गाणी म्हणत घरोघर फिरतात. त्या वर्षी ढोलकीवाला आजारी पडला, म्हणून त्यांनी काकांना घेतलं. सगळे आमच्या अंगणात आले. काका मात्र फाटकाबाहेर कडुलिंबाखाली थांबले आणि तिथूनच वाजवत राहिले. आईनं पोरांना करंज्या दिल्या. मग एक ताटली घेऊन ती फाटकापर्यंत गेली. काकांचे हात ढोलकीवरच राहिले, ताटली घ्यायला उचलेनात. आई म्हणाली, “भाऊजी, चहा आत ठेवलाय.”

त्या रात्री ती ओळ आई म्हणते का, ते मी कान देऊन ऐकलं. नाही म्हटली. फेब्रुवारीत म्हटली.

पैसे आजतागायत आलेले नाहीत. काकांनी पुढं दोन पावसाळे आमची पेरणी करून दिली.

वाडीवाला, वसई

ताई, ढोलकीचं वाचून थांबलो थोडा वेळ. आम्ही कॅथलिक. आमचं भांडण बावखलावरून. (बाहेरच्यांसाठी : वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं तळं. त्याच्या जिवावर केळी, पानवेली, भाजी जगते.) थोरल्या भावाला ते बुजवून जागा काढायची होती, मला नाही. नऊ वर्षं कोर्टात.

मिस्सात (आमच्या उपासनेत) एकमेकांना शांती द्यायची वेळ येते ना, तेव्हा नऊ वर्षं मी मागं वळून परक्या माणसांना हात जोडले. शेजारच्या रांगेत भाऊ बसलेला असायचा. त्याच्याकडे बघितलं नाही.

एका राखेच्या बुधवारी फादरांना म्हटलं, यंदा उपवासकाळात मटण सोडतोय. ते म्हणाले, “मटण खा. केस सोड.” मला राग आला. घरी येऊन दोन दिवस बायकोशीही धड बोललो नाही. पण उपवासकाळाच्या शेवटी, झावळ्यांच्या रविवारी भावाच्या दारात गेलो. वहिनीनं दार उघडलं, मला बघितलं आणि काही न बोलता आत वळली. मी परत फिरणार, तेवढ्यात ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

पुढं लोकअदालतीत तडजोड झाली, कोर्ट-फीही परत मिळाली. अर्धं बावखल बुजलं, अर्धं राहिलं. बुजलेलं मला अजून सलतं, आणि हे भावाला ठाऊक आहे.

नाव नको

माझं वेगळं आहे, पण लिहिणं जरूर वाटतं. नवरा प्यायचा आणि मारायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं, “सोसून घे, हाच तुझा क्रूस.” चार वर्षं सोसलं. मग मुलीनं एका रात्री स्वतःची शाळेची बॅग भरली, त्यात माझी एक साडीही घडी करून घातली. ती आठ वर्षांची होती.

आम्ही निघालो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली संरक्षण आदेश मिळवला. एका बहिणीनं मदत केली, तीही चर्चमधलीच.

क्षमा मी त्यांना, म्हणजे नवऱ्याला, केली, आणि ती गुडघ्यावर बसून, महिनोन्महिने एकटीनं केली. त्याला त्यांची गरज नव्हती. समेटाला मात्र दोघं लागतात आणि समोरच्याला बदलावं लागतं. ते आता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जातात. महिन्यातून एकदा मुलीला भेटतात, आम्ही तिघं बागेत बसतो. मी त्या घरात परत गेलेले नाही आणि जाणार नाही. कोणी तुम्हाला क्रूस म्हणून मार खायला सांगत असेल, तर ऐकू नका. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.

पुणे

मी विसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. बाबा अकरा वर्षं बोलले नाहीत. त्या काळात मला कवी ना. वा. टिळकांच्या घराचा आधार वाटायचा. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंपासून ताटातूट झाली. पुढं त्या परतल्या आणि १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण माझ्या बाबांनी माझ्यासारखं व्हावं, ही प्रार्थना मी हळूहळू सोडून दिली. तिच्यात प्रेमापेक्षा जिंकायची इच्छा जास्त होती.

आई गेली तेव्हा विधी मी केले नाहीत, धाकट्यानं केले. तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो. बाबांच्या पानाशी आलो तेव्हा त्यांनी वर न बघता म्हटलं, “वरण वाढ.” अकरा वर्षांतले पहिले शब्द. आता दर रविवारी उपासनेनंतर त्यांच्याकडे जेवतो. धर्मावर बोलत नाही. भाजी मी निवडतो.

धाकटी

अजून काही झालेलं नाही, तरी लिहिते. आईच्या पाटल्यांवरून बहीण आणि मी तीन वर्षं अबोल आहोत. पाटल्या माझ्याकडे आहेत. हा धागा दोनदा वाचला. कपाटातून डबी काढून टेबलावर ठेवलीय. ती नाशिकला असते, सकाळी सातची बस आहे.