अनुभव धागा: गॅस गीझर पेटेना, मेकॅनिक बोलावण्याआधी आणि आल्यावर

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

दिवाळीच्या तोंडावर गल्लोगल्ली "गीझर पेटेना" सुरू होतं. कंपन्यांची गाऱ्हाणी इथे नकोत. काय बिघडतं, का बिघडतं, घरी काय तपासता येतं आणि कशाला हात लावायचा नाही ते लिहा. मापं सांगा, भागांची नावं सांगा. अट एकच: कव्हर काढण्याआधी रेग्युलेटर बंद आणि सेल बाहेर.

सुरुवात करतो. गरम नळ उघडला की पाणी वॉटर व्हॉल्व्हमधल्या रबरी डायफ्रामला, म्हणजे पडद्याला, ढकलतं, डायफ्राम पिनला, पिन मायक्रोस्विचला. स्विच लागला की कंट्रोल बॉक्स ठिणगी टाकतो आणि सोलेनॉइड, म्हणजे सेलवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह, उघडून गॅस सोडतो. ज्योत लागल्याचं सेन्सरच्या कांडीला कळलं तर गॅस चालू राहतो, नाहीतर काही सेकंदांत बंद.

कुठे अडलंय ते आवाजावरून कळतं. नळ सोडूनही ठिणगीची टकटक नसेल तर पाणी, सेल किंवा मायक्रोस्विच. टकटक आहे पण ज्योत नाही, तर गॅस किंवा सोलेनॉइड. पेटून लगेच विझतो, तर सेन्सर. फोनवर नुसतं "बंद पडलाय" सांगू नका, यातलं कोणतं ते सांगा. म्हणजे मेकॅनिक लागणारा भाग घेऊनच येईल.

मांजराकाठ, लातूर

आधी सेल बदला, मग बाकीचं बोला. दोन मोठे सेल, मिळून 3 व्होल्ट. मीटरवर 2.5 च्या खाली आले की ठिणगी पडते पण सोलेनॉइड उघडत नाही किंवा उघडून टिकत नाही, आणि लोक गॅसला दोष देत बसतात. अल्कलाइनच घ्या. चार्जिंगचे सेल मुळात 1.2 व्होल्टचे, ते इथे कामाचे नाहीत. एक जुना एक नवा असली जोडी लावू नका. डब्यातल्या पत्तीवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर झिरो पेपरने घासा. आणि होळीनंतर गीझर बंद करताना सेल काढूनच ठेवा. उन्हाळ्यात सेल फुटून पत्ती खातात.

दुसरं, पाणी. नुसती एकमजली घरं, टाकी थेट स्लॅबवर, तिथे हा त्रास हमखास. गीझर पेटायला मिनिटाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं. गरम नळाखाली 10 लिटरची बादली लावून घड्याळ बघा. चार मिनिटांत भरली नाही तर गीझरमध्ये बिघाड शोधण्यात अर्थ नाही. टाकीचा तळ गीझरच्या वर अडीच-तीन मीटर तरी हवा. गीझर दीड मीटरवर आणि स्लॅब तीन मीटरवर म्हणजे उंची दीडच मीटर मिळते. टाकीला लोखंडी स्टँड द्या, नाहीतर वेगळा एक इंची पाइप ओढा. प्रेशर पंपाने काम होतं, पण लाइट गेली की गीझरही गेला, हे धरून चाला.

नाथसागर, पैठण

मांजराकाठ, स्टँडच्या आधी जाळी बघायला सांगा की. थंड पाण्याच्या इनलेटचं नट खोललं की आत बारीक जाळी असते. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात पहिलं पाणी गढूळ असतं, टाकी धुतल्यावरही गाळ हलतो, आणि तो सगळा तिथेच अडकतो. जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा, टेफ्लॉन टेप नवीन लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

"बिघाड" वाटणाऱ्या पण बिघाड नसलेल्या दोन गोष्टी. अनेक मॉडेल 20 मिनिटांनी आपोआप बंद होतात, नळ बंद करून पुन्हा सोडला की पेटतात. आणि मिक्सरमध्ये थंड पाणी जास्त सोडलं की गीझरमधला प्रवाह कमी पडून ज्योत विझते. त्यापेक्षा नॉबने आच कमी करा, थंड पाणी कमी मिसळा.

खारंपाणी, बीड

बोअरच्या पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांसाठी. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं भारतीय मानक सांगतं, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. आपल्याकडच्या खोल बोअरचं पाणी कसं असतं ते चहाच्या पातेल्याला विचारा. पाणी जितकं जास्त तापेल तितका चुना लवकर धरतो. म्हणून कडक पाणी काढून त्यात थंड ओतण्याऐवजी 45-50 अंशांवरच ठेवा.

चुना धरल्याची खूण म्हणजे थंड नळाला धार जोरात पण गरम नळाला बारीक, कॉइलमधून, म्हणजे पाणी तापतं त्या तांब्याच्या नळीतून, किटलीसारखी खळखळ, आणि पाच मिनिटांत गीझर आपोआप बंद. हे बंद होणं ओव्हरहीट सेन्सरचं काम आहे, साधारण 80 अंशांच्या आसपास तो तोडतो. "सेन्सर डायरेक्ट करून देतो", म्हणजे सेन्सर टाळून तारा थेट जोडतो, म्हणणारा आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

साफ करायला सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल. पाणी बंद, गॅस बंद, सेल बाहेर. दोन्ही पाइप सोडवायचे. कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम, असं तीन लिटर. कूलरचा पंप इथे कामाला येतो, पण त्याला उंची झेपत नाही. म्हणून बादली स्टुलावर, गीझरच्या जवळपास पातळीला ठेवा. इनलेटमधून आत, आउटलेटच्या नळीने परत बादलीत, पाऊण तास. बुडबुडे यायचे थांबले की झालं. थांबलेच नाहीत तर ताजं द्रावण करून पुन्हा. मग दोन-तीन बादल्या साधं पाणी सोडा. पंपाची पिन ओल्या हाताने काढू-घालू नका.

मोरीतला नळ, नांदेड

व्हिनेगर नाही का चालत? आमच्या भागात संडास साफ करायचं अॅसिडही ओततात.

खारंपाणी, बीड

व्हिनेगर चालतं, पण वेळ खातं आणि वास राहतो. अॅसिड अजिबात नाही. ते चुन्याबरोबर पितळी व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या कॉइलचे सांधेही खातं. मग वर्षभरात हिरवे ओघळ दिसतात आणि कॉइल गळायला लागते. एका जागी भोक असेल तर डाग देऊन भागतं. दोन-तीन जागी असेल तर कॉइलच बदला, आणि कॉइलची किंमत नव्या गीझरच्या निम्म्यावर जात असेल तर जुन्याचा नाद सोडा.

पाना-पक्कड, जालना

आता ज्या गोष्टी घरी करायच्या नाहीत.

नळ बंद केला तरी ज्योत चालूच. पिन अडकलीय. कॉइलमधलं पाणी उकळायला लागायच्या आत रेग्युलेटर बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत पेटवू नका. वॉटर व्हॉल्व्हच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर डायफ्राम किंवा पिनचा ओ-रिंग गेलाय. भाग किरकोळ किमतीचा आहे, मजुरीच जास्त होते. म्हणून व्हॉल्व्ह खोललाच आहे तर दोन्ही बदलून घ्या. डायफ्राम त्याच मॉडेलचा हवा, "बसतोय" म्हणून दुसरा बसवला की पिनची चाल चुकते.

सेन्सरची कांडी आणि ठिणगीची कांडी झिरो पेपरने पुसली की "पेटून विझतो" ही तक्रार बहुतेक वेळा मिटते. ठिणगीचं टोक बर्नरपासून 4-5 मिलिमीटरवर असावं. कांडी वाकवू नका, तिच्यावरचं पांढरं पोर्सिलेन तडकतं आणि ठिणगी पत्र्यावर पडते.

ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती म्हणजे हवा कमी. आठ महिने बंद राहिलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळ्याची जाळी, मे महिन्याची धूळ, कुंभारमाशीची माती सापडते. तोंडाने फुंकून ती आतच जाते, नोझलपट्टी, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकांची पट्टी, सोडवून ब्रशने काढावी लागते.

काम झाल्यावर प्रत्येक गॅसच्या जोडावर साबणाचा फेस लावून दाखवायला सांगा. काडी ओढून तपासणाऱ्याला घरात घेऊ नका. जुना भाग मागून घ्या.

जोंधळा, परभणी

आपल्याकडे पारा एक आकडी झाला की सकाळी सिलेंडर थंडगार असतो. त्यात गॅस तळाला आला की मोठी ज्योत पुरवण्याइतकी वाफ होत नाही. गीझर फडफडतो, गॅसची शेगडी मात्र नीट चालते. मेकॅनिकची गरज नाही, सिलेंडर बदला. सिलेंडरवर उकळतं पाणी ओतू नका. भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर तर नकोच, घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलीबार देतो आणि गीझर त्यावरच बेतलेला असतो. रबरी नळीला टी लावून शेगडी आणि गीझर एकत्र जोडू नका. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. गळतीसाठी नंबर 1906.

तुळजाई, धाराशिव

गीझर न्हाणीत बसवलेला असेल तर बाकी दुरुस्ती नंतर करा, आधी तो बाहेर काढा. हिशोब मांडते. सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला किलोच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत 150 ग्रॅम. तेवढ्याला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची न्हाणी म्हणजे साडेपाच घनमीटर हवा, दार आणि खिडकी बंद. प्राणवायू उतरला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला वासच नाही. डोकं जड होणं, मळमळ, पायातलं बळ जाणं, एवढीच सूचना मिळते, आणि कधी तीही मिळत नाही. असं वाटलं की नळ बंद करत न बसता आधी बाहेर या. आतलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा.

गॅलरीत किंवा मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली गीझर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. वाऱ्याने ज्योत विझत असेल तर एका बाजूला आडोसा करा, चारही बाजूंनी पेटी करू नका.

मोरीतला नळ, नांदेड

चिमणीचा पाइप डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, सोडला तर?

पाना-पक्कड, जालना

डक्ट वरून मोकळा नसेल तर धूर वरच्या मजल्याच्या न्हाणीत शिरतो. पाइप थेट बाहेर काढा, तोंडाला मोठ्या भोकांची जाळी लावा. साळुंक्या घरटं करतात, सीझन सुरू होताना बघत जा.

जिथे पाइपचा गॅस यायलाय त्यांनी सिलेंडरचा गीझर तसाच जोडू नका. तो गॅस घरात 21 मिलीबारने येतो आणि त्याला मोठ्या भोकाचं नोझल लागतं. नोझलपट्टी त्या मॉडेलला मिळते का ते कंपनीकडून आधीच विचारून घ्या, सगळ्यांना मिळत नाही.