हॅकनी डायमंड्स: खरंच चांगला, की नुसता वयाचा मान?

बेसवाला_मडगाव

नमस्कार मंडळी. शनिवार-रविवार कोलव्याजवळच्या एका हॉटेलात आमचा चौघांचा बँड वाजतो. दोन गिटार, बेसवर मी आणि ड्रमवर एक पोरगा, पंचविशीचाही नसेल. कीबोर्डवाला गल्फला गेला तो गेलाच. हंगामात समोर बसणारे निम्मे लोक विलायतेतले पेन्शनर आणि त्यांची फर्माईश ठरलेली: रोलिंग स्टोन्स, म्हणजे आपले स्टोन्स. 'स्टार्ट मी अप' तर मी झोपेतही वाजवीन. म्हणून यंदा त्यांच्या 'हॅकनी डायमंड्स' या अल्बममधलं एखादं गाणं घालायचं मनात आहे.

आता प्रश्न. २०२३च्या ऑक्टोबरात हा अल्बम आला तेव्हा जो तो डोक्यावर घेऊन नाचत होता. २००५च्या 'अ बिगर बँग'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा हा पहिलाच. इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेला, २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमीही घेऊन आला. मी ऐकला. वाईट नाही, पण फार घासूनपुसून लख्ख केल्यासारखा वाटला. त्यांचा गायक मिक जॅगरने ऐंशी गाठलीत हे माहीत नसतं तर आपण एवढ्या टाळ्या पिटल्या असत्या का? आणि कीबोर्डाशिवाय चौघांनी वाजवावं असं त्यात काय आहे?

विनायल_पणजी

वयाचा मान, दुसरं काय! स्टोन्सचा नवा अल्बम आला की 'सम गर्ल्सनंतरचा सर्वोत्तम' असं कुणीतरी छापतंच. 'सम गर्ल्स' १९७८चा, म्हणजे बघा किती वर्षं चाललंय हे. माझ्या लेखी १९८१च्या 'टॅटू यू'नंतर दुकान बंद. तुम्ही आपलं 'मिस यू' वाजवा. पेन्शनर खूश, हॉटेलवाला खूश.

ठेका_फोंडा

पणजीकर, 'टॅटू यू' तरी कुठे ताजा होता? बरीचशी गाणी आधीच्या सेशनमधल्या पडून राहिलेल्या टेपांवरून उभी केलेली. तरी तो चांगलाच आहे, भांडण नाही.

बेसवाले बाब, मी तबलजी. नाट्यगीतांच्या साथीला बसतो, श्रावणात भजनं. घरात रॉक आणलं ते धाकट्या काकांनी, कॅसेटांवर, आणि आजीने त्या कॅसेटा दोनदा अडगळीत टाकल्या. त्यामुळे स्टोन्स मी गाण्यांसाठी कमी आणि त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्सच्या हातांसाठी जास्त ऐकतो. कुठलाही व्हिडिओ लावून बघा. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला डावा हात स्नेअरवर, म्हणजे मधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर पडतो, तेव्हा उजवा हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून उचललेला असतो. बहुतेक ड्रमर दोन्हीवर एकदम मारतात. चार्ली तिथे हाय-हॅट गाळतो, म्हणून त्याचा स्नेअर एकटा, उघडा ऐकू येतो. दुसरं म्हणजे तो बँडला हाकत नाही, गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सच्या मागून जातो. गवई एखाद्या जागेवर रेंगाळला की आम्ही ठेका धरून थांबतो, त्याला ढकलत नाही. चार्लीचं तेच.

चार्ली २४ ऑगस्ट २०२१ला गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. या अल्बमच्या बारा गाण्यांपैकी दोनच त्याची, २०१९मध्ये रेकॉर्ड करून ठेवलेली: सातवं 'मेस इट अप' आणि आठवं 'लिव्ह बाय द सोर्ड'. बाकी ड्रम स्टीव्ह जॉर्डनचे. तो कुणी उपरा नव्हे. कीथबरोबर ऐंशीच्या दशकापासून वाजवतोय, आणि आपल्या जागी त्याला बसवा असं खुद्द चार्लीनेच सांगितलं होतं.

आता एक करा. हेडफोन लावून सहावं ते नववं गाणं सलग ऐका. सहावं जॉर्डन, मधली दोन चार्ली, नववं पुन्हा जॉर्डन. जॉर्डनचा ठोका जिथे पडायला हवा तिथेच पडतो, वजनदार, चोख. चार्लीचा केसभर उशिरा आल्यासारखा वाटतो आणि गाणं त्या केसभर अंतरात झुलतं. 'मेस इट अप' तसं पाहिलं तर डिस्कोच्या वळणाचं, पायाखालचा ड्रम सरळसोट. दुसऱ्या कुणाच्या हातात ते जिममध्ये लावायचं गाणं झालं असतं. आठव्यात तर बेसवर बिल वायमन आहे, १९९३मध्ये बँड सोडून गेलेला. म्हणजे जुनी जोडी या एकाच गाण्यापुरती पुन्हा एकत्र, आणि पियानोवर एल्टन जॉन. तुम्ही बेसवाले, म्हणून मुद्दाम सांगतो: यातल्या बऱ्याच गाण्यांत बेस निर्माता अँड्र्यू वॉटने स्वतः वाजवलाय. तिशीतला माणूस. तुम्हाला जो लख्खपणा खटकला तो त्याचाच. सगळे आवाज दाबून एका पातळीवर आणून ठेवलेत. पहिलं 'अँग्री' ऐकताना मला कुणीतरी कानाशी येऊन बोलतंय असं वाटत राहतं. चौथ्या गाण्यापर्यंत कान शिणतात, हे मीही म्हणेन.

पण म्हणून अल्बम वयावर पास झाला, हे मला पटत नाही. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' ऐका. सात मिनिटांच्या वरचं गाणं, कीबोर्डवर स्टीव्ही वंडर, मिकच्या जोडीला लेडी गागा. गाणं संपतं, आपण श्वास सोडतो आणि ते पुन्हा सुरू होतं. त्या दुसऱ्या फेरीत मिक आणि गागा एकमेकांना जे डिवचतात, ते वयाचा मान म्हणून होत नाही. तिथे नरडंच लागतं. त्याआधीच्या 'टेल मी स्ट्रेट'मध्ये कीथ गातो. त्याच्या बोटांना संधिवात आहे, वाजवण्याची पद्धत बदलावी लागली असं तो स्वतःच सांगतो. आवाजही खरबरीत झालाय. मला ते तीन मिनिटांचं गाणं फार आवडतं.

आणि शेवटचं, 'रोलिंग स्टोन ब्लूज'. ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९५०चं गाणं, ज्याच्यावरून १९६२मध्ये बँडला नाव मिळालं. इथे फक्त मिक आणि कीथ. गळा, हार्मोनिका, गिटार. ड्रम नाहीच. तबलजी असून मला अल्बममधलं ड्रम नसलेलं गाणं सगळ्यात जवळचं वाटावं, हे घरात सांगत नाही.

तुमच्यासाठी: 'स्वीट साउंड्स'च्या वाटेला जाऊ नका, कीबोर्डाशिवाय त्याचा सांगाडा उरेल. 'ड्रीमी स्काईज' घ्या. संथ, कंट्री ढंगाचं, एका गिटारवर स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घसरवून वाजवणं, सोबत हार्मोनिका. फोन-बिन सोडून दूर कुठेतरी निघून जायचं म्हणणारं गाणं आहे. सुट्टीवर आलेल्या माणसाला आणखी काय हवं? आणि पोराला सांगा, स्नेअर मारताना उजवा हात उचल.

मावशी_म्हापसा

७ एप्रिल २००३ला मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्स झाले, तेव्हा मी म्हापशाहून रात्रीच्या बसने गेले होते. नवऱ्याला सांगितलं, नणंदेकडे जाते. नणंदेला सोबत घेऊनच गेले, त्यामुळे खोटं नव्हतं. तेव्हाही लोक हेच म्हणत होते, म्हातारे झाले, आता पैशासाठी येतात. मिक साठीचाही नव्हता! तो त्या टोकापासून या टोकापर्यंत जो काय पळत होता, आणि मागे चार्ली ऑफिसात बसल्यासारखा. मी सबंध वेळ त्याच्याचकडे बघत होते.

फर्माइशीचं म्हणाल तर आपल्या कोंकणी गायिका लोर्नाचं काय वेगळं झालं? क्रिस पेरींच्या बँडमधली ती गाणी, मग वीसेक वर्षं गप्प, आणि १९९५मध्ये पुन्हा उभी राहिली. लोक वेडे झाले. पण मागतात काय, तर तिचं जुनं 'बेबदो'. ती आज काय गाते ते ऐकायला थांबतात थोडेच. तुमच्या हॉटेलात तरी नवं गाणं मधेच घाला, पहिलंच नको. दोन पेग पोटात गेल्यावर लोकांचा स्वभाव सुधारतो.

विनायल_पणजी

ठेकाबाब, सहावं ते नववं ऐकलं. आठव्याचं मान्य. बाकीच्यांचं नंतर बघू.

बेसवाला_मडगाव

सगळ्यांना देव बरें करूं. काल तालीम केली. दुसऱ्या गिटारवाल्याला 'बाइट माय हेड ऑफ' हवं होतं, कारण त्यात पॉल मॅकार्टनी बेस वाजवतो आणि मधे मिक त्याला नाव घेऊन पुढे बोलावतो. मोह मलाही झाला. पण त्या बेसचा चिरका, फाटका आवाज काढला तर हॉटेलवाला पहिल्या गाण्यालाच वायर उपटेल. आधीच दहाच्या ठोक्याला उघड्यावरचा आवाज बंद करावा लागतो, त्यात शेजारी तक्रारीला टपलेले.

म्हणून 'ड्रीमी स्काईज' ठरलं. उजव्या हाताचं पोराला सांगितलं. तो म्हणाला, असं केलं तर हात कुठे ठेवू? पंधराएक मिनिटं तो चुकत राहिला. मग एकदा जमलं तेव्हा माझा बेसच मला निराळा ऐकू आला, मधे सांदी पडल्यासारखा. पुढच्या ओळीला पुन्हा गेलं. कानातला क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, काढून वाजव म्हटलं तर तयार नाही. बघू.

अडचण एकच, हार्मोनिका. आमच्यापैकी कुणाला येत नाही. मडगाव-फोंडा भागात कुणी वाजवणारा आहे का? पैसे फार नाहीत, जेवण आणि बिअर नक्की.

ठेका_फोंडा

काकांची आहे माझ्याकडे, सी आणि ए अशा दोन पट्ट्यांची. ए-तला एक स्वर अडकतो. वाजवायला मीच येईन, काकांनी थोडंफार शिकवलंय. तुमची पट्टी कुठली ते कळवा, आणि शनिवारी नको, मंगेशीला साथ आहे. रविवारी जमेल.