मदत हवी आहे: मिस्टर पोलिसाची नोकरी सोडायची म्हणतात

नमस्कार. माझे मिस्टर मुंबईत पोलीस हवालदार आहेत, भरती २००८ ची. गणपती, नवरात्र, निवडणुका, मोर्चे... बंदोबस्त संपतच नाही. बारा तासांची ड्युटी चौदा-पंधरावर जाते, साप्ताहिक सुट्टी ऐनवेळी रद्द होते. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा घरी केवढा आनंद झाला होता! लेकीला शाळेत तेच सोडणार, असंही ठरलं होतं. आता त्यांना धड झोप लागत नाही. बॅचमधले दोघं नोकरी सोडून गेले, तेव्हापासून तर बोलणंच कमी झालंय.

स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं सेवा लागते, ती भरलेली नाही. ते म्हणतात, सरळ राजीनामा देतो. नोव्हेंबर २००५ नंतरची भरती, त्यामुळे ते एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आहेत. राजीनामा दिला तर त्या पैशांचं आणि ग्रॅच्युइटीचं काय होतं? कुणाच्या घरी असं झालंय का? त्याआधी कमी धावपळीच्या शाखेत बदली मागावी म्हणते मी. अर्जात नेमकं काय लिहावं? आणि ठाण्यात चर्चा न होता त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे कसं न्यावं, हे कृपया कुणीतरी सांगा.