निवारागृहातून भाड्याच्या खोलीत: संसार मांडून देताना नेमके काय द्यावे?

प्रश्न (जळगाव)

सस्नेह नमस्कार. आम्ही काही निवृत्त कर्मचारी आणि बाजारपेठेतील दोन-तीन व्यापारी मिळून, बेघरांच्या निवारागृहात राहून कामाधंद्याला लागलेल्या माणसांना भाड्याच्या खोलीत बस्तान बसवण्यासाठी मदत करतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांनुसार एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय असावी, इथपर्यंतचा भाग कागदावर तरी स्पष्ट आहे. निवाऱ्याचा दरवाजा ओलांडून माणूस स्वतःच्या खोलीत जातो त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे, हा आमचा हेतू आहे. खोलीचे डिपॉझिट, पहिल्या महिन्याचे भाडे आणि संसारोपयोगी सामान (तवा, परात, पातेली, बादली, सतरंजी, चादर, शेगडी) एवढे आम्ही देतो.

अडचण अशी की, डाळ मिलमध्ये हमाली करणारे एक पन्नाशीचे गृहस्थ खोली मिळून महिना होतो न होतो तोच पुन्हा रेल्वे फलाटावर झोपू लागले. भाडे भरलेले होते आणि कामही चालू होते. खोली उघडून पाहिली, तर आम्ही दिलेले सगळे सामान एका गोणपाटात बांधून दाराशी ठेवलेले होते आणि परातीवरचा कागदही निघालेला नव्हता. आता वर्गणीदार विचारतात की पैसा वाया गेला का. काही सभासदांचे म्हणणे असे की पलंग आणि कूलर दिला असता तर माणूस टिकला असता. काहींचे म्हणणे असे की ज्याची दारू सुटलेली नाही त्याला खोलीच देऊ नये. ज्यांनी असे काम केले आहे त्यांचे मत हवे आहे.

उत्तर १ (भुसावळ)

मी अनेक वर्षे एका निवारागृहाचे व्यवस्थापन पाहिले आहे. आपण खोलीचे छत कशाचे आहे ते लिहिलेले नाही, पण या भाड्यात मिळणारी खोली बहुधा पत्र्याचीच असणार. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहतो. उलट फलाटावर वर पंखा असतो, नळाला पाणी असते आणि चार ओळखीची माणसे असतात. त्यामुळे दिवसभर पोती वाहून थकलेला माणूस तिकडे झोपायला गेला, यात मला कृतघ्नपणा दिसत नाही. खोली निवडतानाच शक्य असेल तर धाब्याचे किंवा स्लॅबचे घर बघावे. पत्र्याचीच घ्यावी लागली तर उन्हाळ्याच्या तोंडावर वरून चुन्याचा जाड हात मारून घ्यावा. कूलरपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे आणि कूलरचे वीजबिल त्यालाच भरावे लागणार, हेही सभासदांनी ध्यानात घ्यावे.

गोणपाटाचे म्हणाल, तर रस्त्यावर जी वस्तू उशाखाली नाही ती सकाळी आपली राहत नाही. ही सवय कुलूप-किल्ली हातात दिल्याने लगेच जात नाही. आमच्याकडचे एक आजोबा खोलीत गेल्यावरही कितीतरी दिवस चपला उशाशी घेऊन झोपत. म्हणून सामानाचा संच एकदम नेऊन टाकू नये. माणसाला सोबत घेऊन बाजारात जावे आणि पातेले कोणते, चादर कोणत्या रंगाची, हे त्याला ठरवू द्यावे. शेगडीसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यावा, कारण त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. आणि एकट्याला एकट्या चाळीत टाकण्याऐवजी एकाच गल्लीत दोघांना दोन खोल्या पाहून दिल्या, तर संध्याकाळी कळण्याची भाकरी थापताना बोलायला कोणी तरी असते. माझ्या अनुभवात हमाली करणारे पुरुष भांड्यांअभावी परत येत नाहीत, एकटे जेवण्याला कंटाळून येतात.

उत्तर २ (धुळे)

वरील उत्तराशी सहमत आहे. मी फक्त कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण खोली टिकण्याचा अर्धा भाग तिथे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तरीही लहान खोल्यांचे मालक तोंडी व्यवहारावर अडून बसतात. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. ते संस्थेने भरायची तयारी दाखवली की बरेच मालक तयार होतात. ऑनलाइन नोंदणीला आधार कार्ड लागते, म्हणून खोली पाहण्याआधीच निवारागृहाच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रावर आधार काढून किंवा पत्ता दुरुस्त करून घ्यावा. तशी सोय नियमांत आहे. बँकेत अधिकृत कागद नसतानाही छायाचित्र आणि सही-अंगठ्यावर मर्यादित व्यवहारांचे ‘लहान खाते’ उघडता येते. त्यात शिल्लक ५० हजारांपर्यंत आणि महिन्याला काढता येणारी रक्कम १० हजारांपर्यंत असते. शाखेत पहिल्यांदा नकार मिळाला तरी या सोयीचे नाव घेऊन पुन्हा विचारावे.

एक सावधगिरी. रेशन आणि निराधार अनुदान मिळवून देऊ, असे आश्वासन सरसकट देऊ नये. शहरी भागात स्वस्त रेशन मिळणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’साठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आहे आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी साधारणतः २१ हजार. मिलमध्ये नियमित हमाली करणारा माणूस या दोन्हींच्या बाहेर जातो. म्हणजे ज्याने काम धरले त्यालाच मदत कमी, असा हा विचित्र हिशेब आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मात्र श्रावणबाळ योजनेचा अर्ज जरूर करावा. तसेच आपली संस्था नोंदलेला न्यास नसेल, तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी गणेश मंडळे घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालील परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्यावी.

उत्तर ३ (अमळनेर)

मी समाजकार्य शिकवतो. दारूच्या अटीचा मुद्दा वरच्या दोघांनीही बाजूला ठेवला आहे, म्हणून लिहितो. आधी व्यसन सोडा, मग घर, हा क्रम जगात बरीच वर्षे चालला. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने तो उलटा केला: आधी घर, मग त्या घरात राहून उपचार, आणि उपचार घेतले नाहीत तरी घर काढून घ्यायचे नाही. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले. तिथे भाड्याचा मोठा भार शासन उचलते आणि आपल्याकडे तो वर्गणीवर आहे, हा फरक लपवण्यात अर्थ नाही. परंतु दारू पिणाऱ्याला फलाटावर ठेवल्याने त्याची दारू सुटते, असे मी तरी कुठे पाहिलेले नाही.

दुसरे असे की, काही जणांच्या बाबतीत फलाटावर परतण्यामागे मानसिक आजार असतो आणि तो हमाली करणाऱ्या माणसातही असू शकतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे अडकलेल्या व्यक्तींना चार-पाच जणांच्या गटाने साध्या वस्तीतील भाड्याच्या घरात ठेवण्याचा प्रयोग केला आणि तो आपल्या रत्नागिरीतही आणला. तिथे सोबतीला प्रशिक्षित व्यक्ती असते. ज्यांना घरची वाट सापडू शकते त्यांच्यासाठी कर्जतच्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्राचे काम पाहावे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र प्रत्येकाला घरी पाठवण्याची घाई नको, कारण काही जण घरातूनच मार खाऊन निघालेले असतात. आपल्या गृहस्थांना कोणी विचारले आहे का, की त्यांना खोली हवी होती की निवाऱ्यातलीच खाट?

प्रश्नकर्त्यांचे प्रत्युत्तर (जळगाव)

सर्वांचे आभार. खोली पत्र्याचीच आहे. आमच्या एका सभासदाने फलाटावर जाऊन त्या गृहस्थांशी बोलणे केले. खोली नको असे ते म्हणत नाहीत, पण रात्री आत गुदमरते आणि बाहेर ओट्यावर झोपले तर शेजारी हटकतात, असे म्हणाले. पलंगासाठी राखलेले पैसे छताच्या चुन्यासाठी आणि करार नोंदणीसाठी वळवण्याचे आम्ही ठरवले आहे. दारूची अट मतास टाकली नाही. तिच्यावर अजून वाद आहे. धुळ्याच्या सद्गृहस्थांना एक विचारायचे आहे: मालक म्हणतो की करार संस्थेच्या नावाने करा, म्हणजे भाडे बुडणार नाही. तसे करावे काय?

उत्तर २ (धुळे)

करू नये. करार संस्थेच्या नावाने झाला तर तो कागद त्या गृहस्थांच्या आधारवरील पत्त्याला उपयोगी पडणार नाही आणि उद्या आपले काम थांबले तर त्यांचे राहणेही थांबेल. करार त्यांच्याच नावाने करावा, आणि मालकाला हवी असलेली हमी संस्थेने वेगळ्या पत्राने, ठरावीक महिन्यांपुरती आणि ठरावीक रकमेपुरती लिहून द्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही त्याच दिवशी उरकून घ्यावे, म्हणजे शेजाऱ्यांनी हटकले तर दाखवायला कागद असेल.