न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला, तरी तो बदलत का नाही? आफ्रिकेतील काही देशांविषयी प्रश्न

विधिजिज्ञासू यांचा प्रश्न

आफ्रिकेतील निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना आणि तेथील महत्त्वाचे न्यायनिर्णय मी सध्या वाचत आहे. टांझानियातील एका खटल्यापाशी येऊन मी अडलो आहे. तेथील १९७१ च्या विवाह कायद्यानुसार मुलाच्या लग्नाचे किमान वय १८ आहे, तर मुलीचे लग्न पालकांच्या संमतीने १५ व्या वर्षी होऊ शकते, आणि न्यायालयाची परवानगी मिळाल्यास १४ व्या वर्षीही लग्न लावता येते. रेबेका ग्युमी यांनी या तरतुदींना आव्हान दिले. जुलै २०१६ मध्ये दार-एस-सलाम येथील उच्च न्यायालयाने कलम १३ आणि कलम १७ समानतेच्या हक्काशी विसंगत असल्याचे ठरवले आणि दुरुस्तीसाठी सरकारला एक वर्षाची मुदत दिली. सरकार अपिलात गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अपील न्यायालयाने, म्हणजे त्या देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने, ते अपील फेटाळले.

येथवर सारे स्पष्ट आहे. परंतु त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली, तरी दुरुस्तीचे घोंगडे भिजतच पडले. सरकार दोन्ही न्यायालयांत हरले आणि तरीही कायद्याचा मजकूर जागचा हलला नाही, याचा अर्थ कसा लावावा? न्यायसंस्था दुबळी आहे, प्रथांचा पगडा मोठा आहे, की पैशांची टंचाई आहे? पन्नासहून अधिक देशांना एकच उत्तर लागू पडणार नाही याची मला जाणीव आहे, म्हणून ज्या देशाविषयी ज्यांना नेमके ठाऊक आहे त्यांनी तेवढेच लिहिले तरी फार उपयोग होईल.

मृणाल यांचे उत्तर

आपण सांगितलेल्या खटल्याचे उत्तर बऱ्याच अंशी टांझानियाच्या घटनेतच सापडते. तेथील अनुच्छेद ३०(५) नुसार एखादा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत आढळला तर न्यायालय तो तत्काळ रद्द करण्याऐवजी दोष दूर करण्यासाठी सरकारला मुदत देऊ शकते. दोष दूर होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, तो कायदा वैधच मानला जातो. मुदत संपली की ती तरतूद निष्प्रभ मानायला हवी, हे खरे. पण कायद्याच्या छापील प्रतीत ती तशीच राहते, आणि दूरच्या गावात लग्न ठरवणाऱ्या पालकांपर्यंत वा ते नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत राजधानीतील निकाल आपोआप पोहोचत नाही. संसदेने नवा कायदा केला असता तर त्याबरोबर परिपत्रके निघाली असती, नोंदणीचे नमुने बदलले असते, शिक्षेची तरतूद झाली असती. नुसत्या निकालाने यातले काहीच होत नाही.

याच्या शेजारी झिंबाब्वेचा निकाल ठेवून पाहावा. तेथील घटना न्यायालयाने संसदेची वाट पाहिली नाही. २० जानेवारी २०१६ पासून १८ वर्षांखालील कोणत्याही व्यक्तीला, मग ती मुलगी असो वा मुलगा, कोणत्याही प्रकारचा विवाह करता येणार नाही, असा थेट आदेश त्याने दिला, आणि नोंदणी न झालेले प्रथागत विवाहही त्यातून सोडले नाहीत. नवा विवाह कायदा त्यानंतर २०२२ मध्ये आला. म्हणजे संसदेने येथेही वेळ लावलाच, परंतु मधल्या काळात कायद्याची स्थिती संदिग्ध राहिली नाही. निकालात आदेश कोणत्या शब्दांत दिला आहे, याला मी म्हणूनच फार महत्त्व देते.

तरीही आदेशाची भाषा हे अर्धेच उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाचे दोन निकाल पाहा. ग्रूटबूम प्रकरणात केपटाउनजवळच्या वॉलसडीन येथील ३९० प्रौढ आणि ५१० मुले निवाऱ्यासाठी न्यायालयात गेली होती. अत्यंत निकडीच्या परिस्थितीतील माणसांसाठी सरकारच्या गृहनिर्माण कार्यक्रमात काहीच तरतूद नाही आणि ही घटनात्मक चूक आहे, असे न्यायालयाने २००० मध्ये जाहीर केले. जगभरच्या अभ्यासकांनी हा निकाल डोक्यावर घेतला. पण तो घोषणात्मक होता. कोणाला, केव्हा आणि कोठे घर द्यायचे हे त्यात नव्हते, आणि ज्या महिलेच्या नावाने तो ओळखला जातो ती २००८ मध्ये हक्काचे घर न मिळताच वारली. याउलट २००२ मध्ये गरोदर महिलांपासून बाळांना होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या नेव्हिरापिन या औषधाचा प्रश्न त्याच न्यायालयासमोर आला. सरकारने हे औषध प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांपुरते ठेवले होते. न्यायालयाने ही मर्यादा उठवली आणि औषध सरकारी दवाखान्यांत पोहोचू लागले. येथे याचिकाकर्ती ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना होती. तिचे कार्यकर्ते वस्त्यावस्त्यांत होते, डॉक्टर आणि परिचारिका तिच्यासोबत होत्या, आणि एका प्रांताने टाळाटाळ केल्यावर ती अवमानाची तक्रार घेऊन पुन्हा न्यायालयात गेली. न्यायालय तेच, घटना तीच, फक्त निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा पाठपुरावा करणारे कोणी होते की नव्हते, एवढाच फरक. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

श्रीरंग यांचे उत्तर

मृणाल यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातील ‘प्रथांचा पगडा’ या मुद्द्यावर स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. एका बाजूला जुनाट प्रथा आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक घटना, अशी मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही. आज न्यायालयांत प्रथागत कायदा म्हणून जे मांडले जाते, त्यातील बराच भाग वसाहतकाळात लेखी झाला. अधिकाऱ्यांनी माहिती विचारली ती मुखियांना आणि वडीलधाऱ्या पुरुषांना. त्यांनी जे सांगितले ते कागदावर उतरले आणि तेथेच गोठले. जी गोष्ट कुटुंबाच्या बैठकीत परिस्थिती पाहून ठरत असे, तिचा नियम झाला. दक्षिण आफ्रिकेत १९२७ च्या कायद्याने कृष्णवर्णीयांच्या वारसाहक्काला ज्येष्ठ पुरुष वारसाच्या नियमात बांधून टाकले. टांझानियात तर स्वातंत्र्यानंतर, १९६३ मध्ये, सरकारनेच आदेश काढून वारशाचे प्रथागत नियम जाहीर केले आणि त्यांत विधवांचा व मुलींचा वाटा नाकारला किंवा नाममात्र ठेवला. पुढे दोन विधवा त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने नियम भेदभावाचे असल्याचे मान्य केले, पण न्यायालयाच्या हुकमाने प्रथा बदलता येत नाहीत असे म्हणून ते रद्द करण्याचे नाकारले. महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१५ मध्ये या प्रकरणी टांझानियाला दोषी धरले.

बोट्स्वानामधील कान्ये गावाचा खटला मला यापेक्षा अधिक शिकवून जातो. वयोवृद्ध बहिणी ज्या घरात राहत होत्या, ज्याची डागडुजी त्यांनी स्वतःच्या पैशांनी केली होती, ते आईवडिलांचे घर एका पुतण्याने मागितले. ङ्वाकेत्से समाजाच्या प्रथेनुसार ते धाकट्या मुलाकडे आणि म्हणून त्याच्या मार्गाने आपल्याकडे येते, असा त्याचा दावा होता. प्रथागत न्यायालयांच्या पायऱ्या चढत प्रकरण उच्च न्यायालयात आले. नियमात भेदभाव आहे हे सरकारी बाजूने नाकारले नाही. समाज अजून समानतेसाठी तयार नाही, एवढाच तिचा बचाव होता. न्यायमूर्ती ओआगिले डिंगाके यांनी २०१२ मध्ये तो फेटाळला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम ठेवला, आणि त्याची वाट मला जास्त भावते: प्रथा काळाबरोबर बदलतेच, आजच्या ङ्वाकेत्से समाजात मुलींना घरापासून दूर ठेवण्याला आधार उरलेला नाही, असे त्याने म्हटले. घटनेने प्रथेला हरवले असे त्यात कोठे नाही. तुमच्या प्रथेचे आजचे रूप तुम्ही स्वतःच नीट पाहा, असे गावाला सांगितले गेले, आणि हे गाव ऐकू शकते.

दक्षिण आफ्रिकेत २००४ मध्ये भे प्रकरणात हाच वाद न्यायपीठावर झाला. बहुमताने ज्येष्ठ पुरुष वारसाचा नियम रद्द करून सर्वसाधारण वारसा कायदा लागू केला. न्यायमूर्ती ङ्कोबो यांचे मत वेगळे होते, नियम रद्द करण्याऐवजी तो समानतेशी सुसंगत करून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. मला ङ्कोबो यांचे म्हणणे अधिक पटते, कारण खेड्यातील विधवा प्रथम मुखियाच्या दरबारात जाते. वकील, प्रवासभाडे आणि तारखांचे हेलपाटे परवडणाऱ्या मोजक्याच महिला उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतात. मुखियाच्या दरबारातील कायदा बदलला नाही, तर बाकीच्यांसाठी काहीच बदलत नाही.

सुलभा यांचे उत्तर

वरील चर्चा मोठ्या निकालांची आहे. गरीब माणसाची कायद्याशी गाठ मात्र बहुधा पोलीस ठाण्यात पडते, म्हणून मलावीचे एक उदाहरण देते. २०१५ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या विकणारा एक फेरीवाला पहाटे कामाला निघाला असताना पोलिसांनी त्याला पकडले. आरोप काय, तर दंड संहितेच्या कलम १८४ खालील ‘उनाड आणि भटक्या’ असण्याचा. त्याने काही चोरले नव्हते, कोणाला मारले नव्हते. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असणे एवढाच त्याचा गुन्हा. या तरतुदीचे मूळ १८२४ च्या इंग्लंडमधील भटकेगिरीच्या कायद्यात आहे, आणि तशाच तरतुदी इंग्रजांच्या अनेक वसाहतींच्या संहितांत गेल्या. मलावीच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. पुढे डिसेंबर २०२० मध्ये अरुशा येथील आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने सल्लागार मत देऊन असे कायदे मानवी हक्कांविषयीच्या आफ्रिकी सनदेशी विसंगत असल्याचे सांगितले आणि राज्यांनी ते दुरुस्त करावेत किंवा रद्द करावेत, असे म्हटले.

परंतु मलावीत मला अधिक आशादायक वाटते ते २००० पासून तुरुंगांत सुरू झालेले पॅरालीगल, म्हणजे वकील नसूनही कायद्याचे साहाय्य करणाऱ्या, कार्यकर्त्यांचे काम. वकिलांची संख्या फार थोडी, आणि असलेले वकील शहरांत. अशा वेळी हे कार्यकर्ते कच्च्या कैद्यांचे वर्ग घेतात, जामिनाचा अर्ज कसा करायचा आणि न्यायाधीशांसमोर काय बोलायचे याची नाटुकली त्यांच्याकडूनच बसवून घेतात, आणि ज्यांची कागदपत्रे हरवली आहेत वा ज्यांची कोठडीची मुदत उलटून गेली आहे त्यांच्या याद्या करतात. त्या याद्या घेऊन दंडाधिकारी तुरुंगातच न्यायालय भरवतात आणि जागच्या जागी जामीन किंवा सुटका देतात. २००४ च्या लिलाँग्वे जाहीरनाम्यात वकील नसलेल्यांच्या अशा कायदेविषयक साहाय्याला मान्यता मिळाली, आणि सिएरा लिओनने २०१२ च्या विधी साहाय्य कायद्यात प्रत्येक मुखिया-क्षेत्रासाठी पॅरालीगल नेमण्याची तरतूद केली. येथे घटनादुरुस्ती लागत नाही, लागतो तो नियमित पगार, आणि बहुतेक वेळा नेमका तोच अडतो.

तटस्थ यांची पुरवणी

संसद नेहमीच संथ असते असे नाही. युगांडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ रोजी नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवणे घटनाबाह्य ठरवले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने काही परिस्थितींत असे खटले पुन्हा चालवता यावेत म्हणून लष्करी कायद्यात दुरुस्ती केली. जूनमध्ये तिच्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरीही झाली. विलंबाची कारणे शोधताना सरकारची इच्छा कोठे आहे हे प्रथम पाहावे लागते.

विधिजिज्ञासू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुलभा यांनी अरुशा येथील न्यायालयाचा उल्लेख केला, त्यावरून एकच पुढचा प्रश्न: देशातील न्यायालयाचा आदेश सरकार पाळत नसेल, तर प्रादेशिक न्यायालयात जाऊन काही हाती लागते का?

मृणाल यांचे उत्तर

काही वेळा लागते, परंतु दार नेहमी उघडे असतेच असे नाही. अरुशा येथील न्यायालयात व्यक्तीला किंवा संस्थेला थेट जाता यावे यासाठी संबंधित राज्याने त्या न्यायालयाची स्थापना करणाऱ्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे पूरक कराराच्या, अनुच्छेद ३४(६) खाली स्वतंत्र घोषणा केलेली असावी लागते. अशी घोषणा मुळात थोड्याच राज्यांनी केली, आणि त्यांतील रवांडाने २०१६ मध्ये, टांझानियाने २०१९ मध्ये, तर बेनिन आणि कोत दिव्वार यांनी २०२० मध्ये ती मागे घेतली. टांझानियाची गोष्ट मनाला लागते, कारण न्यायालयाचे मुख्यालय त्याच देशात आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांच्या विकास समुदायाच्या नामिबियातील विंडहूक येथील न्यायाधिकरणाचे तर कामच थांबवले गेले: २००८ मध्ये त्याने जमीन ताब्यात घेण्याच्या प्रकरणात झिंबाब्वेविरुद्ध निकाल दिला, आणि २०१० मध्ये सदस्य राष्ट्रांच्या प्रमुखांनी ते स्थगित केले.

दार उघडे असले तरी निकालाची अंमलबजावणी देशाच्या हातीच राहते. केनियातील माऊ जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या ओगिएक समाजाच्या बाजूने अरुशा येथील न्यायालयाने मे २०१७ मध्ये निकाल दिला, आणि जून २०२२ मध्ये त्यांच्या जमिनीला सामूहिक मालकी हक्क देण्याचा व १५ कोटी ७८ लाख ५० हजार केनियन शिलिंग भरपाईचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच जंगलातून ओगिएक कुटुंबांना पुन्हा हुसकावण्यात आले.

दुसरीकडे सिएरा लिओनचे उदाहरण आहे. इबोलाच्या साथीनंतर २०१५ मध्ये तेथे गरोदर मुलींना शाळेत येण्यास मनाई करण्यात आली होती. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या इकोवास या संघटनेचे न्यायालय अबुजा येथे आहे आणि मानवी हक्कांच्या तक्रारीसाठी तेथे जाताना आधी देशातील सर्व न्यायालये संपवावी लागत नाहीत. त्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ही मनाई भेदभावाची ठरवली, आणि मार्च २०२० मध्ये सरकारने ती उठवली. देशातील महिला संघटना त्याआधी काही वर्षे हीच मागणी लावून धरत होत्या. २०२१ मध्ये सरकारने शाळांसाठी जे सर्वसमावेशक धोरण आणले, त्यात गरोदर मुली आणि मूल झालेल्या मुली यांचा नावानिशी उल्लेख आहे.