चिनी भाषेतील दिशावाचक शब्द: प्रवासापूर्वी काय शिकावे?

सातारकर (प्रश्न):
येत्या ऑक्टोबरमध्ये ग्वांगझोऊच्या व्यापारमेळ्यासाठी हाँगकाँगमार्गे वेगवान रेल्वेने जाण्याचा बेत आहे. भाषांतराचे ॲप मोबाइलमध्ये आहेच; तरीही रस्ता आणि स्थानक शोधताना उपयोगी पडतील असे मोजके शब्द पाठ करावेत, असे वाटते. सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रूळप्रेमी:
चार दिशांपासून करावी. अभिवादनाचे शब्द ॲपही बोलून दाखवते. दिशांचे शब्द मात्र थेट स्थानकांच्या नावांतच बसलेले असतात. चिनी रेल्वेने 2012 पासून रोमन लिपीतील स्थानकनामांत 'साउथ', 'वेस्ट' असे इंग्रजी शब्द वापरणे सोडून चिनी दिशाशब्द शहराच्या नावाला जोडून लिहिण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे तिकिटावर आपल्याला 'ग्वांगझोऊनान' असे दिसेल. 'नान' म्हणजे दक्षिण. हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्थानकाहून सुटणाऱ्या अनेक गाड्या याच स्थानकावर जातात आणि ते शहराच्या मध्यापासून बरेच दूर, पान्यू भागात आहे. नुसते 'ग्वांगझोऊ' हे वेगळे स्थानक, पूर्वेचे 'ग्वांगझोऊतोंग' आणखी वेगळे. परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला शहराचे नाव सांगून शेवटचे अक्षर गाळले, तर गाडी चुकलीच म्हणून समजा. मेट्रोच्या इंग्रजी नकाशात मात्र तेच स्थानक 'साउथ' या नावाने आढळू शकते.

स्वरांकित:
उच्चारांबाबत थोडी भर घालतो. पूर्व 'तोंग', दक्षिण 'नान', पश्चिम 'शी' आणि उत्तर 'पेइ'. चिनी लोक या दिशा याच क्रमाने, म्हणजे प्रदक्षिणेच्या क्रमाने म्हणतात. रोमन लिपीतील 'डी' आणि 'बी' पाहून 'दोंग', 'बेइ' म्हणण्याचा मोह होतो, परंतु ते उच्चार आपल्या 'त' आणि 'प' यांना जवळचे आहेत. 'तोंग' आणि 'शी' वरच्या पट्टीत सपाट ठेवावेत, 'नान' चढता म्हणावा आणि 'पेइ' खाली दाबून. स्थानकाला 'चान' म्हणतात. त्यातील 'च' चहामधला, पण जीभ थोडी मागे वळवून, आणि सूर झपकन खाली आणून. 'कोठे आहे' यासाठी 'चाय नाली' म्हणावे, त्यातील 'च' मात्र चाकातला. हे दोन 'च' वेगळे ठेवणे इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जड जाते, आपल्याला ते आयते मिळालेले आहेत. 'नानचान चाय नाली?' एवढ्याने काम भागेल. ग्वांगझोऊत घरोघरी कँटोनीज ही तेथील चिनी बोली ऐकू येते, पण प्रमाण चिनीतील (मँडरिनमधील) हे वाक्य तेथेही समजते.

सातारकर:
मनःपूर्वक आभार. उपदिशांसाठी आग्नेय, वायव्य असे स्वतंत्र शब्द आहेत का?

रूळप्रेमी:
नाहीत, दोन शब्द जोडले की झाले. मात्र पूर्व किंवा पश्चिम आधी येते. आग्नेय म्हणजे 'तोंगनान' आणि वायव्य म्हणजे 'शीपेइ'. बीजिंगला गेलात तर यांचा अधिक उपयोग होईल, कारण तेथील रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि लोक पत्ता सांगताना सर्रास दिशांची नावे घेतात. ग्वांगझोऊत त्यापेक्षा डावे-उजवे शिकून ठेवावे: डावीकडे 'च्वो' (हाही चाकातला 'च'), उजवीकडे 'यो'.